विश्लेषण : चाकणमध्ये नेमकी माणसे किती? आरोग्य यंत्रणेचा हिशेब २०११ मध्येच का अडकला?

पिंपरी-चिंचवड महापालिकेची निवडणूक १५ जानेवारी २०२६ रोजी झाली. या निवडणुकीच्या यादीत सुमारे १७ लाख १३ हजार मतदार होते. प्रभागांची रचना ज्या लोकसंख्येवर झाली, तो आकडा होता १७ लाख २७ हजार ६९२. दोन्ही आकडे शेजारी ठेवले तर शहरात अठरा वर्षांखालील मुले जवळजवळ नाहीतच, असा निष्कर्ष निघेल. कोणत्याही सकाळी चिखली, थेरगाव किंवा वाकडमध्ये शाळेच्या बससाठी उभी असलेली रांग पाहणाऱ्याला हे हास्यास्पद वाटेल. गोम एवढीच की मतदारयादी २०२५ची आहे आणि लोकसंख्या २०११च्या जनगणनेतली.

प्रभागरचनेत जुना आकडा वापरल्याने फार तर राजकीय गणिते चुकतात. मात्र याच आकड्यावर दवाखाने, परिचारिका, आशा स्वयंसेविका, अंगणवाड्या आणि लसीकरणाची उद्दिष्टे ठरतात. महापालिकेपाशी निदान स्वतःचा कर आणि स्वतःची रुग्णालये आहेत. नाशिक फाट्यापासून वीसेक किलोमीटरवर असलेल्या चाकणच्या पट्ट्यात तेही नाही, आणि तिथला गुंता अधिक अवघड आहे.

इथली लोकसंख्या कशामुळे वाढते?

लोकसंख्यावाढ म्हटले की अजूनही अनेकांच्या डोळ्यांसमोर पाळणाच येतो. या पट्ट्यापुरते तरी ते चित्र पुसायला हवे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ आहे. लोकसंख्या स्थिर राहण्यासाठी तो साधारण २.१ लागतो. म्हणजे केवळ जन्मांवर राज्याची लोकसंख्या दीर्घकाळात घटेल, वाढणार नाही. पिंपरी-चिंचवड आणि चाकण वाढले ते बाहेरून आलेल्या माणसांमुळे.

ही वाढ जुनी आहे. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने पेनिसिलिन बनवणारा हा सरकारी कारखाना. आज सार्वजनिक आरोग्याच्या हिशेबात मागे पडलेल्या या पट्ट्याची औद्योगिक सुरुवात एका औषधाच्या कारखान्याने झाली होती, हे सहसा कोणी लक्षात ठेवत नाही. पुढे भोसरीची औद्योगिक वसाहत, टेल्को, बजाज आले. १९७० मध्ये नगरपालिका आणि १९८२ मध्ये महापालिका झाली. १९८१ च्या जनगणनेत सुमारे अडीच लाखांची असलेली ही वस्ती १९९१ मध्ये ५ लाख १७ हजारांवर, २००१ मध्ये दहा लाखांवर आणि २०११ मध्ये सव्वासतरा लाखांवर गेली. यातला काही वाटा हद्दीत नव्याने घेतलेल्या गावांचा आहे, पण शेवटच्या दहा वर्षांतली ७० टक्के वाढ मुख्यतः स्थलांतराची होती. आज पालिकेच्या कारभारात तीस लाखांच्या आसपासचा आकडा बोलला जातो. तो अंदाज आहे, मोजणी नव्हे.

येणारी माणसे कोण, हेही २०११च्या आकड्यांतच दिसते. शहरात ९ लाख ४५ हजार ९५३ पुरुष होते आणि ७ लाख ८१ हजार ७३९ स्त्रिया. हजार पुरुषांमागे साधारण सव्वाआठशे स्त्रिया. राज्याचे प्रमाण तेव्हा ९२९ होते. एवढी तफावत फक्त मुलींच्या घटत्या जन्मप्रमाणाने पडत नाही. ती पडते बीड, लातूर, नांदेड, सोलापूर, उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून एकट्याने आलेल्या तरुण पुरुषांमुळे. आरोग्याच्या दृष्टीने ही वेगळीच लोकसंख्या असते. तिच्यात म्हातारी माणसे कमी असतात. यंत्रात सापडलेली बोटे, महामार्गावरचे अपघात, दाटीच्या खोल्यांतून पसरणारा क्षयरोग, गावाकडच्या आधाराविना होणारी पहिली बाळंतपणे आणि लसीकरण अर्धवट राहिलेली मुले, हे तिचे प्रश्न असतात.

आरोग्य केंद्रे कुठल्या हिशेबाने मिळतात?

सरकारी आरोग्य व्यवस्थेची सगळी मांडणी लोकसंख्येच्या मापावर आहे. ग्रामीण भागात सपाट प्रदेशातल्या पाच हजार लोकांमागे एक उपकेंद्र, तीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, एक लाख वीस हजारांमागे एक सामुदायिक आरोग्य केंद्र. आपल्याकडे त्या पातळीवर ग्रामीण रुग्णालय असते. साधारण हजार लोकांमागे एक आशा. शहरात पन्नास हजारांमागे एक नागरी आरोग्य केंद्र आणि दहा हजारांमागे एक परिचारिका, म्हणजे आपण जिला एएनएम म्हणतो ती.

केंद्राने २०१३ मध्ये राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियान सुरू केले, तेव्हा त्यात पन्नास हजारांवर लोकसंख्या असलेली शहरे घेण्याचे ठरले. त्याखालच्या गावांची जबाबदारी, जिल्हा मुख्यालयांसारखे अपवाद सोडले तर, ग्रामीण अभियानाकडेच राहिली. २०११ मध्ये चाकणची लोकसंख्या होती ४१ हजारांच्या आसपास. नियमाच्या भाषेत हे नऊ हजार माणसांनी हुकलेले शहर. त्यातही २०१५ पर्यंत चाकणला ग्रामपंचायतच होती. फोक्सवॅगनचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला, बजाजचा त्याआधीच दहा वर्षे चालू होता, मर्सिडीज आणि महिंद्राही आल्या होत्या, आणि या सगळ्यांच्या मधल्या गावाचा कारभार सरपंच पाहत होते.

बरे, आरोग्य केंद्र जुन्या मापाचे आहे एवढ्यावर भागत नाही. कामाचे मोजमापही त्याच मापाने होते. लसीकरणाची टक्केवारी काढताना वर दिलेल्या लसी असतात आणि खाली ‘अपेक्षित लाभार्थी’. हे अपेक्षित लाभार्थी जनगणनेच्या लोकसंख्येवर जन्मदर लावून काढतात. केंद्राच्या तज्ज्ञ गटाने २०११ ते २०३६ या काळाचे लोकसंख्येचे अंदाज दिले आहेत. पण ते राज्यनिहाय, फार तर शहरी आणि ग्रामीण असे वेगळे. चाकण, कुरुळी किंवा निघोजेची वाढ त्यांत वेगळी दिसत नाही. मग खालचा आकडा खरोखरीपेक्षा लहान राहतो आणि एखाद्या केंद्राची टक्केवारी शंभरावर जाऊ शकते. कागदावर उद्दिष्टापेक्षा जास्त काम झालेले असते आणि तरीही त्याच हद्दीत एकही लस न घेतलेली मुले असतात. वरच्या कार्यालयाला मात्र तिथे जादा परिचारिका देण्याचे कारण दिसत नाही. जिथे माणसे सर्वांत वेगाने वाढतात, तिथलेच आकडे सर्वांत समाधानकारक दिसतात.

चाकणची हद्द नेमकी कोणाची?

याचे एक उत्तर नाही, आणि अर्धा प्रश्न तिथेच आहे. कारखान्यांची जमीन औद्योगिक विकास महामंडळाची. बांधकामाचे नियोजन २०१५ मध्ये स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे. २०१८ मध्ये पिंपरी-चिंचवडला स्वतंत्र पोलीस आयुक्तालय झाले आणि चाकण परिसर त्यात गेला. म्हणजे कायदा-सुव्यवस्थेसाठी हा भाग शहर आहे. पण गावठाणाचा कारभार नगर परिषदेकडे, तर भोवतालच्या नाणेकरवाडी, मेदनकरवाडी, खराबवाडी, म्हाळुंगे इंगळे, कुरुळी, निघोजे यांचा ग्रामपंचायतींकडे. या गावांतले आरोग्य जिल्हा परिषदेकडे, तर चाकणचे ग्रामीण रुग्णालय राज्य सरकारकडे. ग्रामीण रुग्णालयाची नेहमीची क्षमता तीस खाटांची असते. नाशिक महामार्ग आणि तळेगाव-शिक्रापूर रस्ता जिथे एकमेकांना छेदतात, त्या तळेगाव चौकातून रोज जाणारी अवजड वाहने पाहिली, तर केवळ अपघातांसाठीही तीस खाटा कमी वाटाव्यात.

मग गंभीर रुग्ण कुठे जातो? पिंपरीत, संत तुकारामनगरच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात. साडेसातशे खाटांचे हे ‘वायसीएम’ महापालिकेने स्वतःच्या नागरिकांसाठी बांधले. पण खेड, मावळ, आंबेगाव, जुन्नरचे रुग्णही तिथेच येतात. महापालिकेचा करदाता चाकणच्या कामगाराचा उपचार करतो, आणि त्याची दखल ना चाकणच्या आकड्यात असते ना पिंपरीच्या. बाहेरचे रुग्ण थांबवा, अशी मागणी अधूनमधून होते. मोटारीचे सुटे भाग भोसरीत बनून चाकणला जातात तेव्हा कोणी हद्द विचारत नाही. ती विचारली जाते माणूस उलट्या दिशेने आला की.

हद्द बदलली आणि सेवा मागे राहिली तर काय होते, याचा धडा पुण्याच्या दुसऱ्या टोकाला मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी परिसरात गुलेन बॅरी सिंड्रोमचा उद्रेक झाला. ही बहुतेक गावे पुणे महापालिकेत आली त्याला काही वर्षे उलटली होती. महापालिकेची घरपट्टी पोचली होती, जलशुद्धीकरण केंद्रातून आलेले पाणी पोचले नव्हते. विहिरीच्या पाण्यावर नुसती क्लोरिनची मात्रा देऊन ते सोडले जात होते. काही रुग्णांच्या नमुन्यांत दूषित अन्नपाण्यातून येणारा कॅम्पायलोबॅक्टर हा जिवाणू सापडला.

पाण्याची गोष्ट या पट्ट्यातही सरळ नाही. पिंपरी-चिंचवडला नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी मिळते. पवनेचे पाणी पुरेना म्हणून शहरासाठी आंद्रा धरणातून दररोज शंभर आणि भामा आसखेडमधून १६७ दशलक्ष लिटर पाण्याचा कोटा मंजूर झाला. भामा आसखेड हे धरण खेड तालुक्यातले. २०२१ पासून पुण्याचा पूर्व भागही त्याच पाण्यावर आहे. ज्या तालुक्यातल्या धरणाचे पाणी दोन महापालिकांना जाते, त्याच तालुक्यातल्या खोल्यांच्या चाळींत कामगार टँकर आणि बोअरवर दिवस काढतात. या पट्ट्यातले बरेचसे सांडपाणी मात्र शेवटी इंद्रायणीत जाते. वारीच्या तोंडावर आळंदीत नदीवर फेस आला की चार दिवस बातम्या येतात आणि मग विषय मागे पडतो.

मोजणीत नसलेल्या माणसाचे आजारपण कसे असते?

समजा, बिहारमधून आलेला तेवीस वर्षांचा तरुण खराबवाडीत सहा जणांसोबत एका खोलीत राहतो. तिघे दिवसपाळीला, तिघे रात्रपाळीला, गाद्या तीनच. पिंपरीच्या जुन्या कारखान्यांनी कामगारांसाठी वसाहती बांधल्या होत्या. चाकणमध्ये तशा फारशा आल्या नाहीत. शेतजमीन कारखान्यांना गेल्यावर गावकऱ्यांनी उरलेल्या जागेत खोल्या काढल्या आणि तेच इथले कामगारांचे घर झाले. या तरुणाला तीन आठवडे खोकला आहे. सरकारी दवाखाना सकाळी उघडतो तेव्हा तो कामावर असतो किंवा नुकता झोपलेला असतो. तो कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडून दोन दिवसांची औषधे घेतो. निदान होईपर्यंत महिना-दीड महिना जातो. क्षयाचा उपचार किमान सहा महिन्यांचा असतो. मधेच छटपूजा येते, ठेकेदार बदलतो, खोली सुटते. ‘निक्षय’ या संगणकीय नोंदीत रुग्ण एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात वर्ग करण्याची सोय आहे. पण आपण गावी चाललो आहोत, हे त्याने कोणाला सांगायचे? आशाच्या वहीत घरे असतात. त्याची खोली त्या वहीत आलेली असेल, तरी आत कोण राहते ते दर दोन-तीन महिन्यांनी बदलते.

मुलांच्या बाबतीत हे आणखी तीव्र होते. गोवराचा पहिला डोस नऊ ते बारा महिन्यांदरम्यान आणि दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांदरम्यान द्यायचा असतो. मधल्या काळात कुटुंब हलले की दुसरा डोस चुकतो. गोवर रोखायला साधारण ९५ टक्के मुले संरक्षित लागतात, आणि इथे एकूण मुले किती हेच माहीत नसते. २०२२च्या अखेरीस मुंबई, भिवंडी, मालेगावात गोवर पसरला तेव्हा पिंपरी-चिंचवडमध्ये कुदळवाडीत रुग्ण आढळले. भंगाराची गोदामे आणि त्यांच्या आसपासच्या कामगार वस्त्यांचा हा भाग. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने तिथली हजारो बांधकामे पाडली. ती अनधिकृत होती, आगीचा आणि प्रदूषणाचा धोका होता, हे खरेच. पण वस्ती उठली की घरांच्या क्रमांकावर बेतलेली लसीकरणाची यादीही निकामी होते, आणि ती माणसे पुढे कुठे टेकली याचा माग ठेवणे कोणाच्याच कामात बसत नाही.

कामगारांसाठी वेगळी व्यवस्था आहेच की, असे यावर म्हटले जाते. राज्य कामगार विमा योजनेचे रुग्णालय चिंचवडच्या मोहननगरमध्ये आहे. कामगाराच्या वेतनातून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के वर्गणी घेऊन चालणारी ही योजना कागदावर उत्तम आहे. कामावर झालेल्या दुखापतीचा लाभ तर नोकरीच्या पहिल्या दिवसापासून लागू होतो. अडचण दोन ठिकाणी येते. वेतनाची मर्यादा २०१७ मध्ये २१ हजार रुपये ठरली. त्याच्या थोडे वर गेलेला कामगार योजनेबाहेर पडतो आणि खासगी रुग्णालयाच्या बिलासमोर उभा राहतो. दुसरी अडचण कंत्राटी कामगाराची. वाहन उद्योगातील पुरवठादार कारखान्यांतल्या अपघातांवर ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था ‘क्रश्ड’ नावाचे अहवाल काढते आणि त्यांत महाराष्ट्राचाही समावेश असतो. पॉवर प्रेसवर बोटे गमावलेल्या कामगारांपैकी बहुतेकांना विम्याचे कार्ड मिळाले ते अपघात झाल्यानंतर, असे त्यांत वारंवार दिसले आहे. ठेकेदाराच्या हजेरीबाहेर हा कामगार कुठेच नसतो. त्याची नोंद होते ती त्याचे बोट तुटल्यावर.

येत्या जनगणनेत हे दुरुस्त होईल का?

२०२१ मध्ये व्हायची जनगणना आता २०२७ मध्ये होत आहे. १६ जून २०२५ रोजी तिची अधिसूचना निघाली. घरयादीचा टप्पा २०२६ मध्ये, प्रत्यक्ष शिरगणती फेब्रुवारी २०२७ मध्ये आणि संदर्भ तारीख १ मार्च २०२७. माहिती प्रथमच मोबाइल ॲपवर भरली जाईल आणि नागरिकांना स्वतःची माहिती स्वतः भरण्याची सोय असेल.

या पट्ट्यासाठी महत्त्वाचा नियम असा की जनगणनेत माणूस आधार कार्डावरच्या पत्त्यावर मोजला जात नाही. मोजणीच्या काळात त्याचा नेहमीचा मुक्काम जिथे आहे, तिथे तो मोजला जातो. मतदान गावी आणि रेशन गावी असले, तरी निघोजेच्या खोलीत राहणारा निघोजेतच मोजला गेला पाहिजे. गावाकडच्या घरच्यांनी त्याचे नाव तिथे लिहून टाकले, किंवा खोलीवर प्रगणकाला कुलूपच दिसले, तर तो पुन्हा हुकेल. भाडेकराराविना खोल्या देणारे मालकही खरी संख्या सांगायला बिचकतात; त्यांना जनगणना आणि घरपट्टीची पाहणी यांत फरक दिसत नाही. प्रत्यक्षात जनगणना कायद्यानुसार ही वैयक्तिक माहिती गोपनीय असते आणि ती कर किंवा पोलीस चौकशीसाठी वापरता येत नाही. हे खोलीमालकांना त्यांच्या भाषेत आणि कामगारांना हिंदीत सांगावे लागेल. प्रगणकाला रविवारी किंवा पाळी सुटण्याच्या वेळी फेरी मारावी लागेल.

मोजणी नीट झाली तरी एक अडचण राहतेच. चाकणला स्वतंत्र महापालिका करण्याचे सूतोवाच २०२५ मध्ये झाले, त्याआधी पिंपरी-चिंचवडमध्ये सामावून घेण्याचीही चर्चा होती. पण जनगणनेसाठी प्रशासकीय हद्दी ३१ डिसेंबर २०२५ पासून ३१ मार्च २०२७ पर्यंत गोठवल्या आहेत. त्यामुळे या वेळीही चाकणचा आकडा तुकड्यांत येणार : नगर परिषदेची लोकसंख्या वेगळी, भोवतालच्या प्रत्येक गावाची वेगळी. लोकसंख्या पाच हजारांवर, घनता चौरस किलोमीटरला चारशेवर आणि पुरुष कामगारांपैकी तीन चतुर्थांश बिगरशेती कामात असतील, तर जनगणना त्या गावाला ‘जनगणना शहर’ म्हणते. इथली बरीच गावे या तिन्ही अटी सहज पूर्ण करतील. पण हे बिरुद फक्त जनगणनेच्या तक्त्यात असते. त्याने ग्रामपंचायतीची नगर परिषद होत नाही आणि त्यापाठोपाठ नागरी आरोग्य केंद्रही येत नाही. त्यासाठी राज्य सरकारला स्वतंत्र अधिसूचना काढावी लागते, पदे मंजूर करावी लागतात आणि जागा शोधावी लागते. औद्योगिक पट्ट्यात जमिनीचा भाव पाहता यातले तिसरे काम सर्वांत अवघड ठरेल.